पुन्हा वकिली सुरू केली

परवा सकाळी आमच्या कंपाउंडमधल्या एका बाईंचा मेसेज आला. "ताई, तुमच्याकडे वकिलाचा काळा कोट आहे ना? आमच्या रियाच्या शाळेत ते मेणाचे पुतळे आहेत पुढच्या आठवड्यात. एका दिवसापुरता द्याल का? ड्रायक्लीन करून परत देते." मी उत्तर लिहिलं, "देणार नाही." मग ते उद्धट वाटलं म्हणून खोडून "देता येणार नाही" असं केलं. मग तेही गुळमुळीत वाटलं म्हणून पुन्हा "देणार नाही" केलं आणि पाठवलं. त्यांच्याकडून नुसता एक अंगठा आला. त्या बिचारीचा काही दोष नव्हता. पण माझा चहा गार होईपर्यंत मी फोनकडे डोळे वटारून बघत बसले होते.

दोहात फेब्रुवारी म्हणजे वर्षातले सगळ्यात सुखाचे दिवस. एसी बंद करून खिडक्या उघडता येतात. सकाळी शाळेच्या बसला पिवळे दिवे लावावे लागतील इतकं धुकं असतं. राउंडअबाउटवर जांभळ्या-पांढऱ्या पेटुनिया फुललेल्या असतात, शुक्रवारी लोक वाळवंटात तंबू ठोकायला जातात, आणि जो तो भेटला की "काय हवा आहे ना!" म्हणतो. मीही म्हणते. पण ही हवा सुटली की सहा वर्षांपूर्वीचा एक फेब्रुवारी माझ्या डोक्यात शिरतो आणि मला पेटुनिया उपटून टाकाव्यात असं वाटायला लागतं.

शाळांच्या प्रोजेक्टचे हे दिवस. अल नस्रच्या स्टेशनरीच्या दुकानांत आयांची झुंबड असते. पांढरा बोर्ड, लाल कार्डशीट, दाढीसाठी कापूस, सोनेरी चकमकीत कागद. माझी मुलगी जुई अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत जाते, आणि तिथे पाचवीच्या मुलांचं एक म्युझियम भरतं. प्रत्येक मुलाने इतिहासातल्या एका माणसाचा पोशाख घालून जिमच्या भिंतीला टेकून मेणाच्या पुतळ्यासारखं स्तब्ध उभं राहायचं. पुढ्यात कागदाचं लाल गोल बटण चिकटवलेलं. पालकांनी येऊन बटणावर पाय ठेवला की पुतळा जागा होतो आणि "मी अमुक साली अमुक ठिकाणी जन्मलो" असं बोलू लागतो. बोलून झालं की पुन्हा मेण. कौतुकाचाच प्रकार आहे. मुलं गोड दिसतात, हे मी नाकारत नाही.

त्या वर्षी चिठ्ठ्या टाकून माणसं वाटली होती. जुईच्या मैत्रिणींना अंतराळवीर, नर्तकी, राष्ट्राध्यक्ष मिळाले. जुईच्या चिठ्ठीत दोनशे वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन वकील निघाला. एका छोट्या राज्यातला, तिथल्या विधानसभेत निवडून गेलेला, देशाच्या इतिहासात फारसा कोणाला माहीत नसलेला. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण त्याने माझं काहीही वाकडं केलेलं नाही. जुई घरी येऊन दप्तर आपटून रडली. "नोबडी नोज हिम, आई! ही इज अ नोबडी!"

"अगं, वकील आहे तो," मी म्हणाले. "मी पण वकील आहे."

तिने रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मदिनत खलीफातल्या एका व्हिलाच्या आमच्या भाड्याच्या भागात, ओट्याशी उभ्या असलेल्या बाईकडे. "रिअली? अजून?"

त्या "अजून"चं मला तेव्हा हसू आलं होतं. दोहाला येण्याआधी सहा वर्षं मी नाशिकच्या कोर्टात वकिली केली. सोनवणे वकिलांच्या हाताखाली. सकाळी साडेदहाला त्या दिवसाच्या खटल्यांचा बोर्ड बघायचा, सरांच्या फायली छातीशी धरून तिसऱ्या मजल्यावर पळायचं, पुकारा झाला की "सर येताहेत, साहेब" असं म्हणून दोन मिनिटं मागून घ्यायची. बार रूममधला तो कळकट पंखा, टायपिस्टच्या टेबलाशी लागलेली रांग, जिन्यात अशिलांची कुजबुज. पहिल्यांदा सरांशिवाय उभी राहिले ती पंचवटीतल्या एका बाईंच्या सामाईक भिंतीच्या दाव्यात. शेजारी भिंत पाडायला निघाला होता आणि मी मनाई हुकूम मिळवला. त्या बाईंनी कोर्टाच्या आवारातच मला हाताला धरून खाली बसवलं आणि डब्यातला शिरा खायला घातला. सर लांबून बघत होते. जवळ येऊन एवढंच म्हणाले, "उद्या लवकर ये." त्या तीन शब्दांवर मी महिनाभर तरंगत होते.

जुईला हे सगळं सांगितलं, तेव्हा तिच्या त्या अमेरिकन माणसाचं पान आम्ही दोघींनी एकत्र वाचायला घेतलं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला. थोडे दिवस शाळामास्तर. मग गावातल्या एका वकिलाच्या ऑफिसात बसून कायदा शिकला. तेव्हा तिकडे कॉलेजात जावंच लागायचं असं नव्हतं. मोठ्या वकिलाच्या हाताखाली राहायचं, त्याची पुस्तकं वाचायची, त्याचे कागद नकलून काढायचे, मग परीक्षा घेऊन सनद द्यायचे. "म्हणजे माझ्यासारखंच की गं," मी जुईला म्हणाले. मला तो माणूस आवडायला लागला होता. थंडीत, मेणबत्तीजवळ, दुसऱ्याचे कागद नकलत बसलेला एक हडकुळा तरुण मला दिसत होता.

त्याच आठवड्यात मला नोकरीचा फोन आला. एका बांधकाम कंपनीला करार तपासायला कायद्याची पदवी असलेलं माणूस हवं होतं. मुलाखत झाली. कंपनीतले एक केरळी गृहस्थ माणसं घेण्याचं काम बघत, ते फार चांगले होते. म्हणाले, "मॅडम, वी लाइक यू. हजबंडचं नो ऑब्जेक्शन लेटर आणि अटेस्टेड डिग्री, बस. मी मार्च एंडपर्यंत पोस्ट होल्ड करतो. उसके बाद खलास."

नवऱ्याचं ना हरकत पत्र तासाभरात मिळालं. समीर तसा दिलदार आहे. "मला कसली हरकत?" म्हणून त्याने सहीसुद्धा झोकदार केली. अडचण डिग्रीची होती. आखातात यायचं म्हणजे कागदांवर शिक्के हवेत. आधी मुंबईला, मग दिल्लीत दोन ठिकाणी, त्यातला शेवटचा इथल्या सरकारच्या तिथल्या दूतावासाचा. आम्ही आलो तेव्हा समीरच्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीवर ते सगळे शिक्के घेतले. माझ्या बाबतीत लग्नाच्या दाखल्यावर घेतले, कारण बायको म्हणून यायला तेवढाच लागतो. हे शिक्के आणून देणाऱ्या एजंटने विचारलं होतं, "मॅडमची डिग्री पण देताय का? एकदमच होऊन जाईल." समीरने माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "राहू दे. तिथे कुठे वकिली करायचीय?"

हे मी म्हणाले. कुणी गळ्याला सुरी लावली नव्हती. आमच्यासारख्या शेकडो बायका इथे आहेत, ज्यांच्या लग्नाच्या दाखल्याला सरकारी शिक्क्यांचं ओझं पेलवत नाही आणि ज्यांच्या डिग्र्या माहेरी किंवा सासरी कपाटात कोऱ्या पडल्यात. कुणी दातांची डॉक्टर, कुणी आर्किटेक्ट, कुणी एमएस्सी. ओळखपत्रावर सगळ्यांच्या नावापुढे 'गृहिणी'. हळदीकुंकवाला आम्ही जमतो तेव्हा एका खोलीत एक अख्खं विद्यापीठ बसलेलं असतं आणि ते खिरापत कोणी आणायची ते ठरवत असतं. मला तेव्हा ह्याची गंमत वाटायची. आता संताप येतो, आणि त्यातला बराचसा माझ्या त्या "राहू दे"चा येतो.

तर माझी डिग्री नाशिकला सासरी होती. आणि योगायोग असा, की समीर त्याच आठवड्यात चार दिवसांसाठी नाशिकला निघाला होता. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. "तू जातोच आहेस तर," मी म्हणाले. त्याला समोर बसवून समजावून सांगितलं. लोखंडी कपाट, वरचा कप्पा, निळी फाइल. ती एजंटच्या ऑफिसात नेऊन द्यायची, ते ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर. बाकी सगळं तो करेल. फोनवर लिहूनही पाठवलं. समीर म्हणाला, "अगं हो, किती वेळा सांगशील? यल्ला, चल, निघतो."

तो गेला त्या संध्याकाळी जुईने त्याला व्हिडिओ कॉल केला. तिच्या डोक्यात एक कल्पना आली होती. "बाबा, आईचा कोर्टाचा कोट आहे ना तिथे? अँड द व्हाइट थिंग फॉर द नेक? प्लीज घेऊन ये. फॉर माय प्रोजेक्ट." समीर खूश झाला. मीही खूश झाले. आईचा खरा कोट घालून मुलगी वकील होणार, ह्या विचाराने मी हरखून गेले होते. इतकी मी मूर्ख होते.

ते चार दिवस जुई घरभर पाठ करत हिंडत होती. मी पोळ्या लाटायचे आणि ती फ्रिजला टेकून पुतळा व्हायची. मी पायाने फरशीवर टक केलं की सुरू. "आय वॉज बॉर्न ऑन अ फार्म." तेव्हाच मला पहिल्यांदा त्यापुढचं एक वाक्य टोचलं. ह्या माणसाच्या आयुष्यात ते सारखं येत होतं. तो विधानसभेत निवडून गेला, दोन वर्षं राजधानीत राहिला, मग परत येऊन पुन्हा वकिली सुरू केली. सैन्यात गेला, पुन्हा वकिली सुरू केली. सभापती झाला, मग निवडणूक हरला आणि पुन्हा वकिली सुरू केली. दीड वर्ष आजारी होता, उठला, पुन्हा वकिली सुरू केली. "आय रिझ्यूम्ड द प्रॅक्टिस ऑफ लॉ." एका पानात चार वेळा.

"अगं, हे चार वेळा कशाला?" मी म्हणाले. "एकदाच म्हण."

"बट ही डिड इट फोर टाइम्स, आई."

तेही खरं. मी लाटणं खाली ठेवून विचार करू लागले, की हा घोड्यावर बसून राजधानीला जायचा तेव्हा ऑफिसला कुलूप कोण लावायचं? गिऱ्हाइकं कोण धरून ठेवायचं? त्याची खुर्ची, दौत, पुस्तकं कोण पुसायचं? पानावर त्याच्या बायकोबद्दल एक वाक्य होतं. 'त्याचं लग्न झालं आणि त्याला सात मुलं झाली.' तिचं नावसुद्धा नव्हतं. जुईने आणि मी आणखी तीन-चार ठिकाणी शोधलं. त्याच्या घोड्याचं नाव सापडलं, बायकोचं सापडलं नाही. जुईला त्याचं हसू आलं. मला पण आलं, पण पुरतं नाही.

समीर शनिवारी दुपारी परत आला. बॅग हॉलच्या गालिच्यावर उघडली, त्याची ती पद्धत आहे, दिवाळीसारखी. गोडा मसाला, मेतकूट, सासूबाईंनी दिलेली सांडग्यांची पिशवी, जुईसाठी चिक्की. मग अगदी तळातून, पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेला माझा कोट. इस्त्री करून आणला होता. गळ्याचा पांढरा बँड वेगळ्या पिशवीत. जुईने किंचाळून तो अंगात घातला. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला. मी दोन मिनिटं बघत राहिले. मग विचारलं, "फाइल एजंटला दिलीस?"

"कुठली फाइल?"

त्याच्या चेहऱ्यावर ती आठवण उगवताना मी पाहिली. भुवया वर गेल्या, मग तोंड उघडलं, मग हात डोक्यावर. "अरे देवा. अगं राहिलंच. आईचं ऑपरेशन, ते डॉक्टरांनी एक दिवस पुढे ढकललं, मग थेंब घालायचे दर दोन तासांनी…"

"कोट कुठे होता, समीर?"

"कपाटात. तू म्हणालीस ना वरच्या कप्प्यात."

"आणि फाइल?"

"ती त्याच्यावरच होती ना. ती उचलून बाजूला ठेवली, मग कोट निघाला."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. ती खरंच पायाकडून येते. तो नुसता विसरला असता तर मी समजून घेतलं असतं. त्या घरात डोळ्यांचे थेंब, डॉक्टर, पाहुणे, मला सगळं कळतं. पण त्याने ती फाइल हातात घेतली होती. माझी सहा वर्षं त्याच्या डाव्या हातात होती, आणि ती नीट बाजूला ठेवून त्याने उजव्या हाताने कोट काढला, इस्त्रीला टाकला, आणायला गेला, पंच्यात गुंडाळला. नाटकासाठी लागणारी वकील त्याला आठवली. खरी नाही आठवली.

"पाठवू ना एजंटकडे कुणाच्या तरी हातून," तो म्हणाला. "होईल. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणू नकोस," मी म्हणाले. "तू अरब नाहीस आणि तुझा देवावर विश्वास नाही."

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि सांडग्यांची ती पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली. दहा मिनिटांनी बाहेर काढली, कारण सासूबाईंनी एका डोळ्याने बघून ती भरली होती आणि त्यांचा ह्यात काही संबंध नव्हता. रागाचं असं असतं, तो योग्य माणसावर काढायला सुद्धा सवड लागते.

ते झालंच नाही असं नाही. सासूबाईंना आठ दिवस काही काढ-ठेव करायची मनाई होती. दीर पुण्याला. फाइल एजंटकडे पोचली तेव्हा मार्चचा दुसरा आठवडा होता, आणि त्याने शांतपणे सांगितलं, "ताई, तीन आठवडे कमीत कमी." मी रोज त्या केरळी गृहस्थांना मेसेज करत होते आणि ते रोज "ट्राइंग, मॅडम" म्हणत होते.

त्या म्युझियमचा दिवस ह्या सगळ्याच्या मधोमध आला. जिममध्ये साठ पुतळे. कापसाच्या दाढ्या, कार्डशीटच्या टोप्या, अंतराळवीराचा पोशाख तर कुणीतरी द पर्लसारख्या महागड्या भागातल्या शिंप्याकडून शिवून आणलेला. जुई बास्केटबॉलच्या खांबाजवळ उभी होती. कोटाच्या बाह्या आत दुमडून मी टाके घातले होते. कोट तिच्या गुडघ्यापर्यंत येत होता. बँड किंचित वाकडा होता आणि तो सरळ करायला माझा हात शिवशिवत होता, पण पुतळ्याला हात लावायचा नाही असा नियम होता.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "ओ माय गॉड, सो क्यूट! कॉस्च्यूम कहाँ से लिया?"

"नासिक डिस्ट्रिक्ट कोर्ट से," मी म्हणाले.

"ऑनलाइन है क्या?"

तेवढ्यात समीरने बटणावर पाय ठेवला, फोन वर धरला. जुई जागी झाली. तिचा आवाज स्वच्छ होता, अजिबात घाबरली नव्हती. जन्मली, शिकवलं, कायदा शिकली. आणि मग ते आलं. पुन्हा वकिली सुरू केली. माझ्या कोटात उभी राहून, माझ्याच आवाजाचा एक तुकडा घेऊन, माझी मुलगी त्या माणसाच्या तोंडून एकदा, दोनदा, तीनदा, चारदा सांगत होती, की मी परत आलो आणि माझं काम तिथेच होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समीरचे डोळे भरून आले होते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ ना, कशी तुझ्यासारखी दिसते." आणि खरं सांगते, त्याच्या त्या ओल्या डोळ्यांचा मला इतका राग आला, की मी तिच्या वर्गाच्या मिसना भेटायच्या निमित्ताने जिमच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले.

मार्च संपायच्या दोन दिवस आधी त्या गृहस्थांचा फोन आला. "सॉरी, मॅडम. मॅनेजमेंटने दुसरा कँडिडेट घेतला. व्हेरी सॉरी." त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. मी अरबीत "शुक्रन" म्हणून त्यांचे आभार मानले, का ते माहीत नाही. भांडी घासायला घेतली. दिवसाढवळ्या, भर दुपारी, धुतलेलीच भांडी.

आज सहा वर्षांनी मी नोकरी करते. अल नस्रमध्ये एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. करार मीच वाचते, त्यातली खोच मीच काढते, साहेब माझ्या टिपणावर आपलं नाव घालून पुढे पाठवतात, आणि माझ्या कार्डावर 'डॉक्युमेंट कंट्रोलर' असं लिहिलेलं आहे. मुलाखतीत मला विचारलं होतं, "मधल्या वर्षांत काय केलंत? मोठी गॅप दिसते." दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला हे कुणी विचारलं नाही. तो विधानसभेत होता, सैन्यात होता, अंथरुणात होता, त्याला गॅप नव्हती, त्याला कारकीर्द होती. समीर आता लोकांना सांगतो, "मी तिला नेहमी म्हणायचो, तू काम कर." तो खोटं बोलत नाही, त्याला तसंच आठवतं. हे त्याहून वाईट आहे.

सोनवणे सर मध्यंतरी फोनवर म्हणाले, "ये की परत. टेबल देतो." पण त्यांच्या आवाजात म्हातारपण होतं आणि माझ्या जागी बसलेल्या मुलीचा आवाज मला मागून ऐकू येत होता. ती कुणाला तरी तारीख सांगत होती. मी त्या मुलीवरही चिडले, जिचं मला नावही माहीत नाही.

पण त्या वर्षीचं एक सांगायचं राहिलं. म्युझियम झाल्यावर मिसने मुलांना एक कागद भरायला दिला होता. तुम्ही ज्या माणसाचा अभ्यास केलात त्याच्या आयुष्यातून काय शिकलात? खाली पालकांची सही. नोकरी गेल्याचा फोन आला त्याच आठवड्यात तो कागद सहीसाठी घरी आला. जुईने गोल गोल अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, की माणूस कितीही लांब गेला तरी आपल्या कामाकडे कधीही परत येऊ शकतो. पुढे एक हसरा चेहरा काढला होता.

मी पेन घेऊन दहा मिनिटं बसले. सही केली नाही. सहीच्या जागी लिहिलं, 'प्रत्येकाला येता येत नाही. मला विचार.'

दुसऱ्या दिवशी मी तिला शाळेतून घ्यायला गेले. गाडीत बसली तेव्हा तो कागद तिच्या मांडीवर होता. मिससमोर तो तिने काढलाच नव्हता. सिग्नलला आमची गाडी थांबली, पुढे पंचवीस गाड्यांची रांग. उन्हं परत कडक व्हायला लागली होती, एसी पुन्हा सुरू झाला होता. ती म्हणाली, "ओके. आय एम आस्किंग."

मग मी सांगितलं. एजंटने विचारलं होतं ते, मी "राहू दे" म्हणाले ते, नोकरी, निळी फाइल, कोट. बाबाने फाइल बाजूला ठेवून कोट काढला, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं बहुतेक. सांगताना माझा आवाज चढत गेला आणि मला तो आवडत होता. कोर्टात चढायचा तसा. जुई खिडकीबाहेर बघत ऐकत होती. अकरा वर्षांची मुलगी, केसात शाळेच्या रंगाची रिबीन.

सगळं संपल्यावर ती म्हणाली, "बट आई, तू का नाही गेलीस? इट वॉज युअर डिग्री."

मला हा प्रश्न तोपर्यंत कुणी विचारला नव्हता. मीही नाही. आणि उत्तर माझ्या ओठांवर इतकं तयार होतं, की मला वाटलं ते खरंच असणार. "अगं, तुझा प्रोजेक्ट होता ना. तुझे डबे, तुझी तयारी. तुला टाकून कशी जाणार होते मी?"

ती एकदम वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. तेव्हाच मला दिसलं, की घरात चिडलेली मी एकटीच नाही.

"डोन्ट पुट दॅट ऑन मी," ती म्हणाली. मग, तिला वाटलं असावं की मला कळलं नाही, म्हणून मराठीत, एकेक शब्द सुटा करून, "माझ्यावर नको टाकू, आई. मी तुला थांब म्हटलं नव्हतं."

मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली. समोरचा वकील बरोबर बोलत असेल तर गप्प बसायचं असतं, हे सरांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण ते अशिलाच्या वतीने शिकवलं होतं, स्वतःच्या बाबतीत कसं करायचं ते नव्हतं सांगितलं.

संध्याकाळी जेवताना मी समीरला म्हणाले, "मी गुरुवारी नाशिकला जातेय. एजंटकडे अडकलेली डिग्री घेऊन दिल्लीला मी स्वतः जाणार आहे. तीन आठवडे."

"आता?" तो म्हणाला. "नोकरी तर गेली. आता कशाला? आणि जुईची परीक्षा?"

मी तोंड उघडलं, पण जुईने माझ्या आधी उत्तर दिलं. तिने आमटीतून मान वर केली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "परीक्षा माझी आहे."